मशीनवरची मिनिटे मोजा : सोलापुरातील माध्यमिक शाळांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक, संस्थाचालक आणि शिक्षण विभागातील अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

नववी-दहावीच्या व्यवसाय विषयाला किती मुलांनी नावे नोंदवली, प्रयोगशाळेत किती मशीन आली, किती मुले पास झाली, हे आकडे प्रत्येक शाळेकडे असतात. एक आकडा मात्र बहुतेक शाळांत कुणी काढलेला नसतो : एका आठवड्यात एका विद्यार्थ्याचा हात प्रत्यक्ष मशीनवर किती मिनिटे असतो? हे पत्र त्या आकड्यासाठी आहे. आम्ही शिलाई, वीज आणि शेती या विषयांचे प्रशिक्षक, कारखान्यांतले मास्टर आणि मशीन दुरुस्त करणारे कारागीर मिळून ते लिहीत आहोत.

आधी हिशोब मांडतो. वर्गात ४० मुले, प्रयोगशाळेत १० शिलाई मशीन, तासिका ४० मिनिटांची. वर्गातून प्रयोगशाळेत जाणे, हजेरी, कापड आणि बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) वाटणे आणि शेवटी आवराआवर यांत निम्मी तासिका जाते. उरलेल्या २० मिनिटांत एका मशीनवर चार मुले. म्हणजे एका मुलाला पाच मिनिटे. पाच मिनिटांत दोरा ओवून पायाला वेग समजेपर्यंत उठायची वेळ येते, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आता त्याच दोन तासिका जोडून द्या आणि वर्गाच्या २०-२० च्या दोन तुकड्या करा. ८० मिनिटांतली २० गेली तरी ६० उरतात. एका मशीनवर दोन मुले, प्रत्येकाला सलग ३० मिनिटे. शिवाय एक शिवत असताना दुसरा रिकामा बसत नाही. तो आधीच्या तुकड्यावरचे टाके पट्टी लावून मोजतो आणि चुका लिहितो. शिलाईत डोळा तयार होणे हे हात तयार होण्याइतकेच महत्त्वाचे आहे, आणि कारखान्यात ‘चेकिंग’ हे स्वतंत्र काम असते.

नववी किंवा दहावीचा व्यवसाय विषयाचा अभ्यासक्रम वर्षाला साधारण २०० तासांचा आहे. ४० मिनिटांच्या तासिकेत त्याच्या ३०० तासिका होतात. ३६ आठवडे धरले तर आठवड्याला साधारण आठ तासिका लागतात. त्यांतल्या सहा तासिकांच्या तीन जोड-तासिका करा आणि दोन सुट्या तासिका रोजगारक्षमतेच्या लेखी भागाला द्या. तीन जोड-तासिका दोन तुकड्यांत विभागल्या की प्रत्येक मुलाला आठवड्याला सरासरी ४५ मिनिटे मिळतात, म्हणजे वर्षाला २७ तास. सुट्या तासिकांत हाच आकडा जेमतेम १८ तासांवर येतो आणि तेही पाच-पाच मिनिटांचे तुकडे. दुसऱ्या तुकडीसाठी त्याच वेळी चित्रकला, शारीरिक शिक्षण किंवा संगणक लावावा लागेल, दुसरे शिक्षक लागतील. वेळापत्रक करणाऱ्या शिक्षकांची ही डोकेदुखी आम्हाला ठाऊक आहे. तरीही जूनमध्ये वेळापत्रकात सर्वांत आधी या जोड-तासिका बसवा, बाकीचे विषय त्यांच्याभोवती येतील. शेवटी बसवायला घेतले तर शनिवारची शेवटची तासिका या विषयाच्या वाट्याला येते, हे ठरलेले आहे.

मार्चच्या मध्यानंतर सोलापूरचे ऊन आणि पत्र्याचे छप्पर यांचाही विचार करा. इस्त्री चालू असलेल्या खोलीत दुपारी बारानंतर मुलांना उभे राहवत नाही. जोड-तासिका सकाळच्या पहिल्या दोन असाव्यात.

वर्षाला २७ तास तसे थोडेच आहेत. म्हणून दुसरा मुद्दा दुरुस्तीचा. दहापैकी तीन मशीन बंद पडली की २७ चे १९ तास होतात. शाळेतली मशीन मोठ्या बिघाडाने क्वचितच बंद पडतात. ती बंद पडतात दहा मिनिटांच्या कामासाठी, कारण ते काम कुणाचे हे ठरलेले नसते.

टाका सुटतोय? आधी सुई बघा. वाकली आहे का, उलटी बसली आहे का. एकसुई लॉकस्टिच (वर-खाली दोन दोऱ्यांचा टाका घालणाऱ्या) मशीनमध्ये सुईची लांब खाच शिवणाऱ्याच्या डाव्या हाताला आणि खोलगट बाजू उजवीकडे, हुककडे (वरच्या दोऱ्याचा फास पकडणाऱ्या फिरत्या भागाकडे), हवी. नवशिकी मुले सुई घाईत फिरवून बसवतात आणि मग मशीन ‘खराब’ म्हणून झाकून ठेवले जाते. कापडाखाली दोऱ्याचे गुंते येतात तेव्हा जवळजवळ नेहमी वरचा दोरा टेन्शनच्या (दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या) चकत्यांत बसलेला नसतो किंवा वर-खाली होणाऱ्या लिव्हरमधून ओवायचा राहिलेला असतो. मुले मात्र गुंता खाली दिसतो म्हणून बॉबिन केसचा स्क्रू फिरवतात, आणि मग दोन्ही टेन्शन बिघडतात. केसचा स्क्रू योग्य आहे का हे बघायची सोपी रीत आहे : बॉबिन भरलेली केस दोऱ्याला धरून लटकवा. ती आपोआप सुटून खाली पडू नये, हात हलका झटकला की थोडी सरकून थांबावी. शर्टिंगच्या पातळ कापडावर शिवण आक्रसते तेव्हा टेन्शन जास्त असते किंवा सुई जाड असते. शर्टिंगला ११ नंबर, युनिफॉर्मच्या पँट-स्कर्टच्या कापडाला १४ नंबर, एवढे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावले तरी निम्मी तक्रार जाते. वरचा दोरा सारखा तुटत असेल तर सुईच्या नेढ्यावर आणि प्लेटच्या भोकावर नख फिरवा. सुई आपटून चर पडलेली असते.

सुट्टीनंतरचा पहिला दिवस सर्वांत वाईट. महिना-दीड महिना झाकून ठेवलेल्या मशीनमध्ये तेल खाली बसलेले असते, हुकमध्ये धूळ आणि कापडाचे तंतू अडकलेले असतात. तसेच मशीन पूर्ण वेगाने चालवले की हुक गरम होऊन अडकतो. प्लेट काढून दातांमधले तंतू ब्रशने काढा, तेलाच्या टाकीत पातळी ‘हाय’ आणि ‘लो’ या दोन खुणांच्या मध्ये आहे का बघा, दोरा न ओवता आणि दाब-पाय (कापड दाबून धरणारा भाग) वर ठेवून पाच-दहा मिनिटे सावकाश चालवा. वरच्या काचेतून तेल उडताना दिसले पाहिजे. तेल ‘हाय’च्या वर भरले तर ते कापडावर उतरते, आणि डागाळलेले काम बघून मुलाचे मन उतरते. हुकचे टायमिंग मात्र शाळेत कुणी सोडवू नये. तिथे फरक दशांश मिलिमीटरचा असतो, ते काम मेकॅनिककडेच द्यावे. सोलापुरात शिलाई मशीनचे मेकॅनिक गल्लोगल्ली आहेत. शाळेने वर्षाचा करार करून तिमाही भेट ठरवली तर पुरेसे आहे.

शाळेला मिळालेले मशीन क्लच मोटरचे असेल तर ती मोटर बदलून सर्वो बसवा. क्लच मोटर कोणी शिवत नसतानाही सतत फिरते, वीज खाते आणि पाय थोडा जास्त पडला की मशीन धावते. सर्वोमध्ये कमाल वेग ठरवता येतो. कारखान्यातले मशीन मिनिटाला चार हजारांहून जास्त टाके घालते. नववीच्या मुलाला पहिले तीन महिने १,५०० च्या वर जाऊ देऊ नये.

विजेबद्दल. ५५० वॅटच्या पाच मशीनचा जोडभार २,७५० वॅट, म्हणजे २३० व्होल्टवर सुमारे १२ अँपिअर. म्हणून पाच-पाच मशीनना १६ अँपिअरच्या एमसीबीवर (जादा भार आला की वीज तोडणाऱ्या कळीवर) २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरची वेगळी लाइन द्या, इस्त्रीची लाइन त्याहून वेगळी. शाळेचा मंजूर भार अनेकदा पंखे आणि दिवे धरूनच घेतलेला असतो. तो वाढवून घेतल्याशिवाय दहा मशीन आणि दोन इस्त्र्या चालणार नाहीत. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारी कळ) आणि चालू स्थितीतले अर्थिंग हवेच हवे, आणि आरसीसीबीचे चाचणी-बटण महिन्याच्या पहिल्या तारखेला दाबून नोंद ठेवावी. मशीनची केबल जमिनीवरून चालण्याच्या वाटेत कधीही नसावी.

ओढणी, मोकळे केस, गळ्यातले ओळखपत्र : मशीनवर बसण्यापूर्वी तिन्ही आवरायचे. सुईजवळचा बोटांचा गार्ड आणि पट्ट्याचे झाकण काढून ठेवलेले असेल तर ते मशीन त्या दिवशी बंद. सुई तुटली की तिचे सगळे तुकडे शोधून चिकटपट्टीने रजिस्टरमध्ये लावायचे, तोपर्यंत नवी सुई नाही. चांगल्या कारखान्यांत हाच नियम असतो, कारण तुकडा कपड्यात राहिला तर घालणाऱ्याला टोचतो. उभ्या पात्याच्या कटिंग मशीनला विद्यार्थ्यांनी हात लावू नये, ते प्रात्यक्षिक बघण्यापुरतेच.

आता माल. मशीन एकदाच येतात, पण दोरा, सुया आणि तेल दर महिन्याला लागतात आणि नेमके तेच अंदाजपत्रकात विसरले जाते. लॉकस्टिचच्या एक मीटर शिवणीला वरचा-खालचा मिळून सुमारे अडीच मीटर दोरा जातो. एका मुलाने एका जोड-तासिकेत २० मीटर शिवण घातली तर ५० मीटर, २० मुलांची १,००० मीटर. म्हणजे ५,००० मीटरचा एक कोन पाच जोड-तासिका पुरतो. वर्षाला १०८ जोड-तासिका धरल्या तर २२ कोन, त्यांतले दहा पहिल्याच दिवशी हवेत, कारण दहाही मशीनवर एकाच वेळी दोरा लागणार. सुया शिकाऊ हाताखाली लवकर बोथट होतात. प्रत्येक मशीनची सुई चार जोड-तासिकांनी बदला : वर्षाला २७० सुया, दहाची २७ पाकिटे. मशीनमागे तीन बॉबिन, पूर्ण प्रयोगशाळेला दोन जादा बॉबिन केस, एक जादा प्लेट, एक दाब-पाय. एवढी खरेदी जूनमध्ये एकदम करून ठेवली तर वर्षभर ‘साहित्य नाही’ म्हणून तासिका रिकामी जात नाही.

कापडाची चिंता सोलापुरात तरी नसावी. युनिफॉर्म शिवणारे इतके कारखाने या शहरात आहेत की कटिंग टेबलाखालची कतरण रोज निघते. मागितली तर बहुतेक मालक देतात. फक्त ती निवडून घ्या : निदान १५ × ३० सेंटिमीटरचे तुकडे, आणि सुरुवातीला सरळ धाग्यातले. तिरक्या कापातला तुकडा शिवताना ताणला जातो, मुलाची रेघ वाकडी येते आणि दोष त्याचा नसतो.

शिकवण्याचा क्रमही सांगतो, कारण अनेक ठिकाणी दुसऱ्या आठवड्यात थेट पिशवी शिवायला घेतात. पहिला आठवडा मशीन बंद ठेवून भाग ओळखणे. मग दोरा न ओवता रेघांच्या कागदावर : सरळ रेघ, मग चौकोन, कोपऱ्यावर सुई खाली ठेवून दाब-पाय उचलून वळणे, मग गोल. कागदावर भोके रेघेवर पडली की नाही हे मुलाला स्वतःलाच दिसते. त्यानंतर कतरण, एक सेंटिमीटरची शिवण, इंचात १० ते १२ टाके, सुरुवातीला आणि शेवटी तीन-चार उलटे टाके. पहिली वस्तू प्रयोगशाळेतच वापरायचा ॲप्रन. नंतर पॅच खिसा, बाहीची घडी, आणि दहावीत कॉलर. कॉलरची टोके दोन्ही बाजूंना सारखी येणे हे सर्वांत अवघड काम आहे, त्याला चार-पाच आठवडे द्या. काज-बटण आणि ओव्हरलॉक त्यामानाने लवकर येते.

प्रत्येक विद्यार्थ्याची नमुना-वही असावी. दर जोड-तासिकेचा एक तुकडा तारखेसह चिकटवलेला, शेजारी इंचातले टाके, शिवणीची रुंदी आणि दिसलेली चूक. बाहेरून परीक्षक येतो तेव्हा एका दिवसाच्या कामावर मूल्यमापन होते, वहीतून मात्र वर्ष दिसते. पुढे कारखान्यात कामाला जाताना मास्टर प्रमाणपत्रापेक्षा ही वही आधी उघडेल, याची खात्री देतो.

एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. शाळेची प्रयोगशाळा बाहेरच्या ऑर्डरी घेण्यासाठी वापरू नका. लहान वर्गातल्या मुलांच्या युनिफॉर्मची उसवलेली शिवण, तुटलेले बटण दुरुस्त करणे हा उत्तम सराव आहे, तो जरूर करा. पण पीसच्या हिशोबाने बाहेरचा माल आला की हुशार मुले त्याच त्या एका शिवणीवर बसवली जातात आणि बाकीची दोरे कापत राहतात.

कारखाना-भेटीचा महिना निवडायलाही व्यवसायाची माहिती लागते. युनिफॉर्मचा हंगाम मार्च ते जून. त्या काळात मालकाला किंवा मास्टरला मुलांशी बोलायला वेळ नसतो. भेट ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये ठेवा, २० मुलांची, एका वेळी एकच विभाग : एकदा फक्त कटिंग, एकदा फक्त फिनिशिंग. हंगाम नसताना मास्टरला अतिथी व्याख्याता म्हणून शाळेत बोलवा आणि त्याला भाषण देऊ नका म्हणावे, टेबलावर खाका मांडून दाखवायला सांगावे. यंत्रमागाच्या शेडमध्ये नेणार असाल तर धोट्याच्या वाटेपासून लांब, कानात बोळे घालून आणि थोडाच वेळ. तिथला आवाज ९० डेसिबलच्या वर असतो. चादरीवर जॅकार्डने नक्षी कशी उठते, कांडी (धोट्यातली दोऱ्याची नळी) कशी भरतात, जॉबर (माग जुळवणारा कारागीर) नेमके काय जुळवतो हे बघण्यासारखे आहे, पण बघण्यापुरतेच. १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर लावायला २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने बंदी आहे, आणि ‘प्रशिक्षण’ हा शब्द लावल्याने ती उठत नाही.

ग्रामीण तालुक्यांतल्या शाळांसाठी शिलाईच हवी असे नाही. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या पट्ट्यात डाळिंब आणि ठिबक घरोघरी आहे आणि त्याची प्रयोगशाळा शाळेच्या कुंपणाआत उभी राहू शकते. एक उदाहरण देतो. ताशी ४ लिटरच्या ड्रिपरखाली १५ मिनिटे भांडे ठेवले तर १ लिटर पाणी जमायला हवे. १६ मिलिमीटरच्या नळीवर सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे मिळून दहा ड्रिपर मोजा. शेवटच्याला ७०० मिलिलिटरच येत असेल तर दाब कमी पडतोय की ड्रिपर चोंदला आहे, हे फिल्टर धुऊन आणि नळीचे टोक उघडून पाणी सोडून शोधता येते. गणित, विज्ञान आणि शेती तिन्ही त्यात आहे, आणि मूल घरी जाऊन तेच मोजमाप करते. डाळिंबाच्या बाबतीत अडचण वेळेची आहे : आंबे बहार जानेवारी-फेब्रुवारीत धरतात, तेव्हा दहावीची मुले परीक्षेत. म्हणून प्रात्यक्षिक मृग बहारावर, जून-जुलैपासून आखा. तेल्या रोगाची पानाफळांवरची लक्षणे ओळखणे, छाटणीची कात्री दर झाडानंतर निर्जंतुक करणे, रोगट फांद्या बागेबाहेर नेऊन नष्ट करणे हे मुलांनी करावे. औषध कालवणे आणि फवारणे मुलांनी करू नये. सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, शाळांनी तिथल्या तज्ज्ञांशी संपर्क साधावा.

प्रशिक्षकांविषयी थोडक्यात. बहुतेक ठिकाणी ते संस्थांमार्फत कंत्राटावर नेमलेले असतात, आणि वर्षाच्या मध्येच कुणी गेले तर नव्या माणसाला वर्ग कुठवर आला हे कळत नाही. मशीनचे रजिस्टर, साहित्याचे रजिस्टर आणि मुलांच्या नमुना-वह्या शाळेत राहतील, हे मुख्याध्यापकांनी बघावे. मानधन वेळेवर मिळते का याची विचारपूस शाळेने करावी, ती संस्थेवर सोडू नये. आणि रजेवरच्या शिक्षकाच्या तासिका त्यांच्यावर टाकू नयेत. त्या टाकल्या की पहिली गदा मशीनच्या तेल-सफाईवर येते.

पालक विचारतात, ‘दहावीनंतर याचे काय?’ उत्तर स्पष्ट द्या. आयटीआयमध्ये सिव्हिंग टेक्नॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे, इलेक्ट्रिशियन आणि फिटर दोन वर्षांचे. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येते. अकरावी-बारावीची वाटही बंद होत नाही. ‘शिवण मुलींनी घ्यावे, वीज मुलांनी’ ही वाटणी पहिल्या पालकसभेतच मोडून काढा. सोलापूरच्या शिलाई कारखान्यांत पुरुष कारागीर शेकड्यांनी आहेत आणि मुलीला स्टार्टरची जोडणी शिकायला कसलीच अडचण नाही. या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चारही माध्यमांच्या शाळा आहेत, तेव्हा मशीनच्या भागांचा आणि सुरक्षेच्या नियमांचा तक्ता शाळेच्या माध्यमाच्या भाषेत लावावा.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये म्हटले की २०२५ पर्यंत निदान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने नववी-दहावीत ते सर्वांसाठी धरले. अधिकाऱ्यांना विनंती ही, की शाळाभेटीच्या तपासणी नमुन्यात दोन रकाने घाला : चालू मशीनची संख्या, आणि मागच्या आठवड्यात एका विद्यार्थ्याला मशीनवर मिळालेली मिनिटे. दुसरा रकाना मुख्याध्यापकांना विचारून भरू नका, वर्गातल्या कुठल्याही पाच मुलांना विचारून भरा.

येत्या वर्षी शाळा सुरू होण्याआधी ज्या शाळा आम्हाला कळवतील, त्यांची मशीन आम्ही येऊन तपासून देऊ : सफाई, तेल, सुया, टेन्शन, आरसीसीबी. एका प्रयोगशाळेला एक सकाळ लागते. शाळेने तेल, ११ आणि १४ नंबरच्या सुया आणि दोन ब्रश आणून ठेवावेत, आणि ज्या शिक्षकाकडे किल्ली आहे त्यांनी त्या वेळी हजर राहावे.

आपले,
सोलापुरातील व्यवसाय प्रशिक्षक, शिलाई कारखान्यांतील मास्टर आणि मशीन दुरुस्ती कारागीर